चूलबंद आवतणाचं बटण

फोनला तोंड एकच असतं, हे मला अ‍ॅप लिहिण्याच्या धंद्यात दहा-अकरा वर्षं घालवल्यावर आमच्या गावच्या ओसरीत कळलं. त्याच तोंडानं तो चार्जिंग खातो, त्याच तोंडानं लॅपटॉपशी बोलतो, आणि बाहेरचं एखादं यंत्र जोडायचं असेल तर तेही त्याच तोंडात घालावं लागतं. पुण्याच्या ऑफिसात माझ्यावर ही वेळ कधी आली नव्हती. तिथं आम्ही लोकांना घरबसल्या चपला निवडता याव्यात म्हणून अ‍ॅप लिहायचो, आणि चपला काही फोनला जोडाव्या लागत नाहीत.

गावी मी आले होते बाबांमुळे. आमचं गाव धाड या बाजाराच्या गावापासून जीपनं वीस मिनिटांवर. बाबा शेती करायचे, पण गाव त्यांना ओळखायचं ते माइकवाला म्हणून. माइक, भोंगा, अ‍ॅम्प्लिफायर सगळं त्यांचं स्वतःचं. तीस वर्षं गावातलं एकही लग्न त्यांच्या आवाजाशिवाय लागलं नाही. पाहुण्यांना शेला-टोपी, कुणाच्या हरवलेल्या चाव्या, पंगतीची हाक, सगळं त्यांच्याच तोंडून जाहीर व्हायचं. खरं तर त्यांना माइकची गरजही नव्हती. लाइट गेली की ते तसेच ओरडायचे आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीवरचे लोक जेवायला यायचे.

मागच्या थंडीत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्या वेळी आई तिसऱ्या घरच्या काकूकडे तुरीची डाळ पाखडायला गेली होती. फोन तिनं घरी चार्जिंगला लावला होता. बाबा अंगणात पडले ते दहाच्या सुमाराला, आणि आई परत आली दुपारी. तोवर ते शुद्धीवर होते. तिसऱ्या घरातलं सुपांचं पाखडणंसुद्धा त्यांना ऐकू येत असणार. ज्या माणसाच्या एका हाकेवर वरात थांबायची, त्याला तीन घरं ओलांडणारी एक हाक मारता आली नाही.

आईनं यातून काढलेला निष्कर्ष असा, की चूक फोन घरी ठेवण्याची झाली. फोन जवळ असता तरी बाबांना तो लावता आला नसता, हे मी तिला समजावून पाहिलं. तिनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि फोन कापडी पिशवीत घालून कमरेला खोचला. तो झोपतानाही निघेना. शिवाय अंगणाच्या फाटकाबाहेर तिनं पाय टाकणंच सोडलं. बाबा भिंतीकडे तोंड करून बसायचे, कुणी भेटायला आलं की डोळे मिटून घ्यायचे. आणि आई त्यांच्यावर पहारा द्यायची.

उन्हाळा लागला तशी आमच्या आळीत शेवयांची बारी सुरू झाली. आमच्याकडे शेवया, कुरडया एकटीदुकटीनं करत नाहीत. आज आळीतल्या सगळ्या बायका एका घरी, उद्या दुसऱ्या घरी. जी दुसऱ्यांच्या बारीला जात नाही तिच्या बारीला कोण येणार? आई एका सकाळी कणीक मळता मळता म्हणाली, "यंदा आपण शेवया करून नाई राह्यलो." सहज म्हणाली, पण मला रडू आलं आणि रागही आला. झटका एकाला आला होता आणि अडकून दोघं पडले होते. त्याच दिवशी मी ठरवलं. बाबांना हाक मारता आली पाहिजे आणि ती तिसऱ्या घरी ऐकू गेली पाहिजे. बाकी मला काही नको होतं.

फोनच्या काचेवर बोट टेकवणं बाबांना जमत नव्हतं. डावं बोट थरथरायचं, भलतंच काहीतरी उघडायचं आणि ते फोन लोटून द्यायचे. त्यांना हवं होतं खरंखुरं बटण, दाबलं की टक् वाजणारं. म्हणून मी काडेपेटीएवढा एक बोर्ड कुरिअरनं मागवला. बटण दाबलं की बोर्डाला कळणार, वायरीतून फोनला कळणार आणि फोन बोलणार. बटणं आणायला मी धाडच्या बाजारात गेले. इलेक्ट्रिकच्या दुकानात दारावरच्या घंटीची सात बटणं मागितली.

"सात?" दुकानदार म्हणाला. "ताई, घराले दारं तरी किती आहे तुमच्या?"

ती सात बटणं मी एका जुन्या पाटावर ठोकली. चहा, पाणी, मोरीत न्या, हो, नाही, दुखतंय आणि सातवं सगळ्यात महत्त्वाचं, आईला हाक. फोनही माझाच जुना होता, तो बाबांना दिला. पाट मांडीवर ठेवून बाबांनी दुसरं बटण दाबलं आणि फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "कृपया मला पाणी द्यावे."

बाबांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

आई स्वयंपाकघरातून धावत आली. "कोण आली व?"

"कोणी नाही. फोनमधला आवाज आहे."

"आपल्या घरात पाणी मागायले पुण्याची बाई काऊन आणली?"

बाबांना त्यांचाच आवाज पाहिजे होता, आणि तो आणायचा कुठून? आम्ही कधी त्यांचा आवाज जपून ठेवला नव्हता. घरात नळासारखा वाहणारा आवाज कोण भरून ठेवतो! मग आठवलं, की गावातल्या झाडून सगळ्या लग्नांचं शूटिंग करणारा फोटोग्राफर धाडमध्येच आहे. त्यानं जुन्या लग्नांनी भरलेला पेनड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "तुह्या बापाच्या पायी माह्या एका बी शूटिंगमधी गाणं धड ऐकू नाई आलं. नवरीच्या रडण्याच्या वरतून पंगतीची सूचना."

दोन दिवस मी आणि बाबा लग्नं बघत बसलो. पहिल्या लग्नातच बाबा भिंतीकडून वळले. आवाज अगदी पाहिजे तसा होता, दणदणीत. अडचण एवढीच, की तीस वर्षांत या माणसानं माइकवर कधी स्वतःसाठी पाणी मागितलं नव्हतं. होत्या त्या फक्त सूचना. अर्ध्या पुस्तकी, अर्ध्या गावच्या, माइक हातात आला की त्यांची भाषा अशी इस्त्रीची व्हायची आणि मधेच एखादी चुणी राहायची. तेव्हा आहे त्यातूनच भागवायचं ठरलं. मी सूचना वाजवायची, बाबांनी डाव्या बोटानं पसंती द्यायची.

चहासाठी घेतलं, "चहा घेतल्याशिवाय कोणीही जाऊ नये, ही नम्र विनंती." पाण्यासाठी, "पिण्याच्या पाण्याची व्यवस्था मंडपाच्या उजव्या बाजूले केलेली आहे." मोरीत न्यायचं असेल तर, "रस्त्यात उभी केलेली दुचाकी मालकानं ताबडतोब हलवावी." हो म्हणायचं तर, "उपस्थित राह्यल्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार." नाहीसाठी, "कोणीही स्टेजवर गर्दी करू नये." दुखत असेल तर, "झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

आईच्या हाकेसाठी मी "वधूच्या मामांनी स्टेजवर यावं" सुचवलं. बाबांनी मान हलवली. "नवरदेवाच्या वडलांनी"? नाही. मग एका लग्नातली चूलबंद आवतणाची सूचना लागली आणि बाबांनी पाटावर बोट आपटलं. चूलबंद आवतण म्हणजे घरातल्या लहानथोर सगळ्यांना, आलेल्या पाहुण्यासकट, जेवणाचं बोलावणं. त्या दिवशी घरी चूल पेटवायची नाही. नाकारलं तर यजमानाचा अपमान. मला वाटलं बाबा गंमत करताहेत. पण ते पुन्हा पुन्हा तिथंच बोट टेकवायचे. मग लक्षात आलं. बाकीच्या सूचनांकडे लग्नात कोण लक्ष देतं? दुचाक्या रस्त्यातच राहतात, स्टेजवर गर्दी होतेच. ही एकच सूचना होती जिच्यावर लोक न चुकता यायचे. अंगणात पडून राहिलेल्या माणसानं त्याच्या सगळ्या आयुष्यातून ती एक हाक निवडली. मी गुपचूप ती सातव्या बटणाला लावली.

आणि मग अ‍ॅप बिघडलं. बाबांनी चहाचं बटण एकदा दाबलं आणि "चहा घेतल्याशिवाय कोणीही जाऊ नये" अकरा वेळा झालं. आई चहा घेऊन आली, बाबांनी तो बशीत ओतून पिऊन टाकला, तरी नम्र विनंती चालूच.

चूक कुठं आहे हे बघायला फोन वायरनं लॅपटॉपला जोडावा लागतो. मग फोनच्या पोटात काय चाललंय ते लॅपटॉपवर ओळीओळीनं दिसतं. पण लॅपटॉपची वायर घालायची तर बोर्डाची वायर काढावी लागे, तोंड एकच ना! बोर्ड काढला की चूक होत नसे. बोर्ड लावला की चूक होई, पण मला दिसत नसे. डॉक्टर दारात आला की दुखणं पळतं आणि तो फाटकाबाहेर गेला की परत येतं, तसला प्रकार. अर्धा दिवस मी वायरी काढत-घालत होते. बाबा बघत होते आणि मधूनमधून गैरसोयीबद्दल दिलगीर होत होते.

वायरीशिवायही फोनच्या पोटात डोकावता येतं. त्याला अट एकच, फोन आणि लॅपटॉप एकाच वायफायवर पाहिजेत, आणि ते वायफाय तिसऱ्याच कुणाचं तरी पाहिजे. आमच्या घरी वायफाय नाही. माझा आताचा फोन ऑफिसचा, त्याचा हॉटस्पॉट त्यांनी कुलूप लावून ठेवलेला. तो उघडायला अर्ज करावा लागतो आणि अर्जात कारण निवडावं लागतं. प्रवास, ग्राहकभेट की इतर. मी 'इतर' निवडून समोर लिहिलं, "वडिलांना चहा एकदाच मागता यावा म्हणून." त्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही.

उरला आईचा फोन, म्हणजेच आईची कंबर.

"आई, एक तास फोन इथं ठेवशील?"

"नाई."

"इथंच, तुझ्या डोळ्यासमोर."

"मी म्हटलं ना तुले, नाई."

ती का नाही म्हणते ते मला माहीत होतं, म्हणून मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिनं हॉटस्पॉट मात्र चालू करू दिला. आता आमच्या घरात वायफाय होतं, पण ते चालतं-फिरतं होतं. आई चुलीपाशी असली की ओसरीत जोडणी लागायची. ती मागच्या गोठ्यात गेली की तुटायची, आणि तुटली की फोन नव्यानं ओळख मागायचा, सहा आकडे टाका म्हणायचा. ते टाकेपर्यंत आई गच्चीवर मिरच्या वाळत घालायला गेलेली. आमची आई एका जागी किती वेळ बसते हे मी तोवर कधी मोजलं नव्हतं. ती बसतच नाही.

शेवटी आम्हीच तिच्या मागं निघालो. पुढं आई, कमरेला वायफाय. तिच्या मागं चाकाच्या खुर्चीत बाबा, मांडीवर पाट, पाटावर बोर्ड आणि फोन. त्यांच्या मागं एका हातानं खुर्ची ढकलत आणि दुसऱ्या हातावर लॅपटॉप तोलत मी. आई विहिरीकडे, आम्ही विहिरीकडे. आई उखळीपाशी, आम्ही उखळीपाशी. शेजारपाजारचे लोक कुंपणावरून बघायचे. एकानं विचारलंच, "काय चालू आहे हो?" मी म्हटलं, "चूक शोधतोय." तो म्हणाला, "गोठ्यात?"

आई वैतागली. "काऊन माह्या मागं मागं फिरून राह्यले तुम्ही दोघं?"

बाबांनी पाचवं बटण दाबलं. "कोणीही स्टेजवर गर्दी करू नये," भोवतालच्या म्हशींना उद्देशून बाबांचा आवाज म्हणाला. मग आणखी दहा वेळा म्हणाला.

तीन दिवस ही वरात चालली. मी अ‍ॅपवर संशय घेतला, ते अर्धं नव्यानं लिहिलं. बोर्डावर संशय घेतला. आणि एकदा तर बाबांवरच घेतला. "बाबा, एकदाच दाबा ना हो," असं मी जरा चढ्या आवाजात म्हणून गेले. त्यांनी हात पाटावरून खाली घेतला आणि त्या दिवशी परत काही दाबलं नाही. ते आठवलं की मला अजून स्वतःची लाज वाटते.

चूक सापडली ती गोठ्यातच. आई शेण काढत होती म्हणून जरा वेळ एका ठिकाणी होती. लॅपटॉपवर मला ओळी दिसल्या. एका दाबण्याच्या अकरा ओळी, आणि त्या सगळ्या डोळ्याची पापणी लवायच्या आत. इतक्या वेगानं कुणाचंच बोट चालत नाही, थरथरणारं तर नाहीच नाही. दोष बटणांचा होता. घंटीच्या बटणात पत्र्याची एक पट्टी असते, ती दाबताना थरथरते. घंटीला त्यानं काही फरक पडत नाही, पण माझा बोर्ड दर थरथरीला नवी हाक समजत होता. मग मी त्याला सांगितलं, की एकदा ऐकलं की क्षणभर कान बंद ठेव. बस्स, एवढंच. बाबांनी चहाचं बटण दाबलं, विनंती एकदा झाली आणि थांबली. म्हैस रवंथ करत होती, ती तेवढी ऐकू आली.

मी बाबांच्या खुर्चीपाशी उकिडवी बसले आणि म्हटलं, "चुकलं माझं. तुम्ही एकदाच दाबत होता." बाबांनी माझ्याकडे पाहून सहावं बटण दाबलं. "झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." हसावं की रडावं ते मला कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

आता मुख्य परीक्षा. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या घरी शेवयांची बारी होती. आई म्हणाली, "फोनातला आवाज तिथवर येते का?"

"नाही. पण भोंगा लावला तर?"

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी आभार मानले.

माळ्यावरून भोंगा आणि अ‍ॅम्प्लिफायर उतरवला. त्या जुन्या फोनला कानात घालायच्या वायरीचं वेगळं भोक होतं, देवाची कृपा. अ‍ॅम्प्लिफायरचं आवाज कमी-जास्त करायचं बटण पूर्वीच तुटून शेवटच्या आकड्यावर अडकलेलं होतं. बाबांनी ते कधी दुरुस्त केलं नव्हतं, त्यांना दुसऱ्या आकड्याची गरजच पडली नव्हती. भोंगा ओसरीच्या पत्र्यावर बांधला. सकाळी आठच्या सुमाराला आई फोनसकट फाटकाबाहेर पडली, महिन्यांनंतर पहिल्यांदा. दर चार पावलांना मागं वळून बघत तिसऱ्या घरी गेली. तिच्याबरोबर वायफायही गेलं आणि माझी जोडणी तुटली. मला पर्वा नव्हती. मी सगळं तपासलं होतं. बटण, बोर्ड, वायर, अ‍ॅप.

बाबांनी सातवं बटण दाबलं.

"समस्त गावकरी मंडळींले कळवण्यात येते, की आज सगळ्या गावाले चूलबंद आवतण आहे. कोणीही घरी चूल पेटवू नये."

भिंती हादरल्या. पारव्यांचा थवा उडाला. आणि त्या यंत्रात पहिल्यांदाच काहीही चुकलं नाही. बाबा स्वतःचा आवाज गावावरून फिरून परत येताना ऐकत राहिले, मग त्यांचा चेहरा डावीकडून हसला. सूचना तीनदा द्यायची हा त्यांचा जुना नियम. त्यांनी दुसऱ्यांदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं. मी वायर ओढू शकले असते. पण किती महिन्यांनी ते हसत होते, मी नाही ओढली.

आई पळत आली, हात पिठानं भरलेले. "आवाज आला!" ती म्हणाली. "धडधडीत आला! सगळ्या बायकाइनं ऐकला." आणि तेवढं म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. "सगळ्या गावानं ऐकला."

भोंगा फक्त एका घरापुरता बोलेल, असं मला कसं वाटलं होतं कोण जाणे. मी गावातच वाढलेली. पण मी बटणाचा, वायरीचा, वायफायचा विचार केला, गावाचा करायचा राहिला.

अकराच्या सुमाराला पहिले आले ते गावात ज्यांचा शब्द चालतो ते एक आजोबा, हातात स्वतःचं ताट-तांब्या, जुन्या रीतीप्रमाणे. "आवतण कायचं आहे?" त्यांनी विचारलं. "लगन तं नाई ना पोरीचं?" मी खुलासा करायला तोंड उघडलं, तोवर फाटकातून आणखी चार घरं आली. मग आळी. मग पलीकडची आळी. लेक माहेरी आलेली म्हणून तिच्या पोरांसकट एक कुटुंब आलं. खुलासा ऐकायला कुणी तयार नव्हतं. "यंत्राची चाचणी होती," मी म्हणाले. "हाव, हाव," एक काका म्हणाले, "पण आमच्या घरी आज चूल नाई पेटली."

आईनं अंगणातल्या गर्दीवर नजर फिरवली. मग पदर खोचला. "आवतण गेलं तं गेलं," ती म्हणाली. "आता आपली चूल पेटवा."

पुढच्याचं श्रेय मी आईला नाही, आळीतल्या बायकांना देते. तिसऱ्या घरच्या काकूनं त्या दिवशी केलेल्या सगळ्या ओल्या शेवया आमच्या पातेल्यात आणून ओतल्या. कुणी गूळ आणला, कुणी बेसन, कुणी भाकरी थापायला बसलं. अंगणात पंगत बसली. बाबा मधोमध खुर्चीत, आणि सूचना सुरू. "पिण्याच्या पाण्याची व्यवस्था मंडपाच्या उजव्या बाजूले केलेली आहे." त्यांना तहान लागली होती, पण अख्खी पंगत उजवीकडे बघायला लागली. थोड्या वेळानं, "रस्त्यात उभी केलेली दुचाकी मालकानं ताबडतोब हलवावी." तिघं जण खरकट्या हातानं उठून बाहेर पळाले. फक्त आई उठून खुर्ची मोरीकडे घेऊन गेली. बाबांनी जाताना आभार मानले आणि पंगतीनं टाळ्या वाजवल्या.

जेवणं झाल्यावर हाकेचं बटण बदलावं असं मी म्हणाले. आजोबांनी मान हलवली. "बदलू नको. गावाले सांगून टाकतो. एकदा वाजलं तं तुह्या मायले बोलावलं. तीनदा वाजलं तं जेवण. आणि अकरा वेळा वाजलं तं तुह्यं यंत्र बिघडलं." गावानं ते मान्य केलं. माझ्या कुठल्याच अ‍ॅपला वापरणाऱ्यांनी इतक्या समजूतदारपणे घेतलेलं नाही.

चार दिवसांनी आई पुन्हा तिसऱ्या घरी गेली, पंगतीत गेलेल्या शेवया भरून द्यायला. मी ओसरीत एक किरकोळ दुरुस्ती करत बसले. तासाभरानं लक्षात आलं की जोडणी तुटलेली नाही. आई तीन घरं पलीकडे आणि वायफाय इथं. मला वाटलं लॅपटॉप अडकला. उठून बघितलं तर देवळीत कुंकवाच्या करंड्याशेजारी ती कापडी पिशवी होती, आत फोन.

मी तो घेऊन धावत तिसऱ्या घरी गेले. आई शेवया लांबवत होती. "आई, फोन विसरलीस."

"विसरली नाई," ती म्हणाली, मान वर न करता.

तेवढ्यात भोंगा वाजला. समस्त गावकरी मंडळींले कळवण्यात येते. बायकांचे हात थांबले, सगळ्यांनी आईकडे पाहिलं. दुसऱ्यांदा वाजला नाही. आईनं हातातली शेवई बाजेवर नीट पसरली, हात झटकले आणि निघाली. पळाली नाही, चालत गेली.

"काय पाहिजे तुमाले?" तिनं बाबांना विचारलं. "पाणी?"

"कोणीही स्टेजवर गर्दी करू नये."

"चहा पाहिजे? मोरीत जाचं?"

"कोणीही स्टेजवर गर्दी करू नये."

"मंग बोलावलं कायले?"

बाबांनी बोट पाटावर मागं सरकवलं. मग चौथं बटण दाबलं.

"उपस्थित राह्यल्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार."

आई तिथंच उभी राहिली. पिठाच्या हातानं तिनं बाबांच्या टोपीवरची धूळ झटकली, त्यानं टोपी आणखीच पांढरी झाली. "कामं पडून आहे माह्ये," ती म्हणाली आणि परत तिसऱ्या घरी गेली. फोनची पिशवी माझ्याच हातात होती, आणि तिनं ती मागितली नाही.